सुपडूचा ॲम्प्लिफायर आणि माझे कान

मला राग लवकर येतो आणि माफी मागायला जीभ वळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं समजायला सोपं जाईल. ही गोष्ट सुपडूची आहे. पण त्यात मी जे केलं ते वगळून ती सांगता येत नाही. वगळलं तर आणखी एक खोटं होईल, आणि खोटं बोलायची माझी हौस आता पुरती फिटली आहे.

सुपडू माझ्या गावचा, अमळनेरकडचा. सुरतेत तो माझ्याआधी दोन वर्षं आला आणि मला त्यानेच आणलं. नवागामात त्याच्या खोलीपासून माझी खोली चौथी. कडोदऱ्याच्या ज्या कापड कारखान्यात तो लूम चालवायचा, तिथेच मीही लागलो, आणि सव्वीस वर्षं आम्ही एकाच पत्र्याखाली उभे आहोत. बारा तासांची पाळी. शंभरावर मशीन एकदम चालू. आत शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडायचं, नाहीतर हाताने खुणा करायच्या. पाळी सुटली तरी जेवणाचं ताट पुढे येईपर्यंत डोक्यात मशीन चालूच असतात.

अशा आवाजातून घरी येऊन माणूस काय करेल? झोपेल. सुपडू कानाला गोड लागेल असं काहीतरी बनवत बसायचा. पहिला ॲम्प्लिफायर त्याने वीस वर्षांपूर्वी भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरवर बनवला. शाळा सातवीपर्यंत. कारखान्याच्या वायरमनकडे बघून बघून तो शिकला, मग जुने रेडिओ उघडून शिकला, आणि आता मोबाइलवर बघून शिकतो. बुटका, सुकलेला माणूस, बोलणं कमी. गोळ्यांच्या बरण्यांत स्क्रू ठेवायचा, एका बरणीत एकाच मापाचे. चुकीच्या बरणीत एक स्क्रू गेला तर रात्री उठून काढेल. आमच्या गल्लीत दहा-बारा घरांत तरी त्याच्या हातचे ॲम्प्लिफायर आहेत. घरात ऐकायचे, बरं का, वरातीत ढणाणा करायचे नाहीत. त्यात त्याला रस नव्हता.

त्याची एक रीत होती. नवा ॲम्प्लिफायर झाला की तो सुटीच्या दुपारी बैठक घालायचा. दोन स्पीकर तेच ठेवायचे, आणि नवा, जुना, एखादा कंपनीचा, असे तीन ॲम्प्लिफायर एका खटक्याला जोडायचे. वर चादर टाकायची. खटका फिरवला की ॲम्प्लिफायर बदलतो, पण कुठला चालू आहे ते बसलेल्याला कळत नाही. मग एकच गाणं तिन्हींवर ऐकायचं आणि कुठला चांगला ते सांगायचं. आमच्यातला दत्तू परभणीकडचा, तोही लूमवरच. त्याने हौसेने कंपनीचा ॲम्प्लिफायर घेतला होता आणि दर वेळी तो डोक्यावर घेऊन यायचा. आणि निकाल मी द्यायचो.

मीच का, तर माझे कान. गावाकडे माझ्या काकांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लहानपणी मी झाडावर कर्णे बांधायला चढायचो, आणि खालूनच सांगायचो की कुठल्या कर्ण्याची वायर सैल आहे. ते इथे गल्लीत सगळ्यांना माहीत झालं. कुणाचा टीव्ही खरखरला, कुणाच्या मिक्सरचा आवाज बदलला, की वाल्मिकला बोलवा. मी जायचो, डोळे मिटायचो, मान वाकडी करायचो आणि सांगायचो. खरंच बरोबर निघायचं. माणसाला अशा गोष्टीची चटक लागते. मलाही लागली, खोटं कशाला बोलू.

सुपडूचं उलटं. एकदा कारखान्याबाहेर कान तपासायचा कँप लागला होता. सुपडू जाऊन तपासून आला आणि त्याने चारचौघांत सांगून टाकलं की वरचा बारीक आवाज त्याला येत नाही, लूमने खाल्ला. जरासुद्धा लाज नाही. मला म्हणाला, तूही जाऊन ये. मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे? तेव्हापासून आमचं ठरून गेलं. बनवायचं त्याने, ऐकायचं मी. मीटरवर कळेल ते तो बघायचा, आणि मीटरवर न कळणारं माझ्यावर सोडायचा.

माझे कान गेले ते मला डासांनी कळवलं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी बायको, पुष्पाबाई, अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, कानाशी किती गुणगुणतायत, तुम्हाला झोप तरी कशी लागते. मी म्हटलं, कुठे आहेत डास? तिने दिवा लावला. माझ्या कानाच्या पाळीवर दोन बसले होते. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघितलं. मोबाइलची बटणं टिकटिक करतात म्हणे, मला नुसती बोटं हलताना दिसली. मी कुणाला काही बोललो नाही. पुष्पाबाईलाही नाही. बैठकीत निकाल देत राहिलो.

कसा देत होतो तेही सांगतो. लाज वाटते, पण सांगतो. मी सुपडूकडे बघायचो. खटका त्याच्या हातात असायचा. स्वतःचा ॲम्प्लिफायर चालू झाला की त्याची मान ताठ व्हायची आणि तो श्वास धरायचा. दत्तूचा चालू झाला की तो सैल पडायचा. बास, मला तेवढं पुरे होतं. डोळे मिटल्यासारखे किलकिले ठेवायचे आणि बोट वर करून सांगायचं, हा दत्तूचा, हा सुपडूचा. चादर काढली की दत्तू मांडीवर थाप मारायचा.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी सुपडूच्या नशिबाने कधी नव्हे ते डोकं वर काढलं. शहरात धनसुखभाईंचं दुकान आहे, घरगुती ॲम्प्लिफायर आणि स्पीकरचं. सुपडू त्यांच्याकडून सुटे भाग आणायचा. त्यांनी एकदा त्याचं काम बघितलं आणि म्हणाले, दुकानाच्या मागे बेंच आहे, जुना कारागीर गावी गेला, तू ये. दुरुस्ती कर, आणि जमलं तर दुकानाच्या नावाने ॲम्प्लिफायर बनव. फक्त आधी एक बनवून घरी आण. ब्लूटूथवाला पाहिजे, हल्ली सगळे मोबाइलवरूनच लावतात. घरातले ऐकतील, पसंत पडला तर दिवाळीनंतर बस.

हे सुपडूला केवढं होतं ते बाहेरच्याला कळणार नाही. बसून काम. पंख्याखाली. शांत जागी. तो बावन्न वर्षांचा, गुडघे गेलेले, आणि कारखान्यात नवीन मशीन येणार म्हणून जुन्या माणसांना एकेक करून काढणं सुरू झालेलं. मला म्हणाला होता, जेवढे कान उरलेत तेवढे घेऊन बाहेर पडायचंय रे. सव्वीस वर्षांत त्याने स्वतःसाठी मागितलेलं मला आठवतं ते एवढंच.

दीड महिना तो पाळीवरून आला की त्या ॲम्प्लिफायरला भिडायचा. पुढची पट्टी त्याने स्वतः घासून घासून आरशासारखी केली. आणि मग एका रविवारी दुपारी बैठक घातली.

त्याची बायको, छायावहिनी, दाराजवळ साडीला टिकल्या लावत बसली होती. ते तिचं घरबसल्याचं काम. ती चोपड्याची, लूमच्या कारखान्यात कधी पाऊल टाकलेलं नाही. चादरीखाली तीन ॲम्प्लिफायर: सुपडूचा नवा, त्यानेच पूर्वी मला बनवून दिलेला जुना, आणि दत्तूचा. सुपडूने बासरीचं एक गाणं लावलं, त्यात मागे घुंगरू होते. घुंगरू वाजायचे तिथे मला काहीच यायचं नाही. पण गाणं माझ्या ओळखीचं होतं, म्हणून त्या जागी मी मान हलवत गेलो. सुपडूची मान ताठ झाली तेव्हा मी बोट वर केलं. तिन्ही बरोबर ओळखले. तिन्हींत तुझाच भारी, असं म्हणालो, आणि दत्तूने मांडीवर थाप मारली.

मग सुपडूने गाणं थांबवलं. नुसता नवा ॲम्प्लिफायर चालू ठेवला. ब्लूटूथचं कार्ड नवीन आहे, त्याचा भरवसा नाही, बारीक शिटी येते का बघ, असं त्याने मला सांगितलं. खोलीत कुणी हललं नाही. मी डोळे मिटले आणि जीव कानात आणून ऐकलं. मला काही आलं नाही. पण मला काही येत नाही याचा अर्थ तिथे काही नाही असा होत नव्हता, हे मला त्या क्षणी चांगलं माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो असतो तर दत्तू हसला असता, गल्लीत बोभाटा झाला असता, आणि संपलं असतं. मी हात हलवला, चालू कर म्हणून. सुपडूने गाणं लावलं. काहीतरी बोलल्यासारखं दिसावं म्हणून मी चालू गाण्यातच, खालच्या जाड आवाजाबद्दल म्हटलं, बास जरा कमी कर. त्याने मान डोलावली.

पुढचं याहून वाईट. सुपडू आनंदात सोडा आणायला खाली गेला. गाणं संपलं, ॲम्प्लिफायर चालूच राहिला. छायावहिनी टिकल्या लावता लावता थांबली आणि हळूच म्हणाली, भाऊ, काहीतरी बारीक शिटीसारखं वाजतंय. दत्तूने कान टवकारले. त्याला काय येणार, तोही पंधरा वर्षं लूमवर. मी म्हटलं, पंख्याचा असेल. तिने उठून पंखा बंद केला आणि म्हणाली, नाही, अजून येतंय. तेव्हा माझं डोकं सटकलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, पण मला घाबरलं की राग येतो.

"वहिनी, मी जन्मभर हेच ऐकत आलोय. तुम्ही तुमच्या टिकल्या बघा."

दत्तू फिदीफिदी हसला. ती खाली बसली, साडी मांडीवर ओढून घेतली आणि मान वर केली नाही. सुपडू सोडा घेऊन आला तेव्हा खोलीत सगळं जिथल्या तिथे होतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं अडाजणला धनसुखभाईंच्या घरी गेलो. सुपडूने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ॲम्प्लिफायर नव्या चादरीत बांधून मांडीवर घेतला होता. मला बरोबर ने म्हणून मीच मागे लागलो होतो. मला मिरवायचं होतं, दुसरं काय.

चौथ्या मजल्यावरचं घर. गुळगुळीत फरशी, रस्त्याचा आवाजसुद्धा वर येत नव्हता. धनसुखभाई साठीच्या पुढचे, माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठे. त्यांची बायको होती, सून होती. सुपडूने जोडणी केली, बटण दाबलं, आणि मोबाइलवर गाणं शोधायला लागला. गाणं अजून लागलंच नव्हतं, तेवढ्यात सुनेने कपाळाला आठ्या घातल्या.

"आ शेनी सीटी वागे छे?"

धनसुखभाईंच्या बायकोने कानावर हात ठेवला. धनसुखभाई उठून स्पीकरजवळ गेले आणि तेही तोंड वाकडं करून मागे आले. त्यांनी सुपडूला हिंदीतून विचारलं, शिटी वाजते आहे ती येत नाही का? सुपडू वाकून स्पीकरला कान लावून बसला. एकदा डावा, एकदा उजवा. मग त्याने माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला अजून झोपू देत नाही. तो मला दोष देत नव्हता. नेहमीसारखं तो माझ्याकडून ऐकून घ्यायला बघत होता, की आहे का रे शिटी?

धनसुखभाई माणूस चांगला. रागावले नाहीत. पाणी मागवलं, सुपडूच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, काम सुंदर आहे, हात सुंदर आहे, पण बेंचवर मला ऐकू येणारा माणूस लागतो, गिऱ्हाईक असलीच तक्रार घेऊन येतं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही तर बरोबर असता म्हणे, तुम्हालाही आलं नाही?

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. सून बघत होती. आणि मी बोललो.

"मैंने तो बोला था इसको. इसने सुना नहीं."

झालं. सव्वीस वर्षांचा दोस्त मी एका वाक्यात विकला, आणि ते सुद्धा ज्या घरात मी पुन्हा कधी पाय ठेवणार नव्हतो त्या घरातल्या माणसांपुढे माझं नाक वर राहावं म्हणून. जिभेला काटा टोचला असता तर बरं झालं असतं. सुपडूने वायरी गुंडाळल्या, चादरीची गाठ बांधली, धनसुखभाईंना नमस्कार केला.

जिन्यात मी त्याच्या मागे चाललो होतो. मला वाटलं आता हा खाली गेला की माझी गचांडी धरेल. मनातून मला तेच हवं होतं. बसस्टॉपवर त्याने गाठोडं बाकावर ठेवलं, माझ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि गुन्हा आपणच केल्यासारखा आमच्या अहिराणीत म्हणाला:

"तू सांगेल व्हतं भो. माले ऐकू नही उनं."

मला आधी कळलंच नाही. मग तो समजावून सांगायला लागला. गाणं चालू असताना तू काहीतरी बोललास, मला वाटलं बास कमी कर म्हणतोस, मी मान डोलावली. तेव्हाच तू शिटीचं सांगितलंस, होय ना? मी म्हणालो, हो. दुसरं काही म्हणायला जागा होती का? होती. तिथे तो, मी आणि एक रिकामा बाक होता. तरी मी हो म्हणालो. तो म्हणाला, माझीच चूक आहे, बारीक आवाज गेले ते माहीत होतं, आता माणसाचं बोलणंही जायला लागलं तर कठीण आहे. बस आली, आम्ही चढलो, आणि नवागाम येईपर्यंत त्याने गाठोड्यावरून हात काढला नाही.

त्यानंतर सुपडू आक्रसत गेला. चहाला टपरीवर यायचा बंद झाला. कुणी बोललं की आधी दचकायचा, मग विचारायचा, काय म्हणालास? पुन्हा सांग. साधं 'जेवला का' दोनदा विचारून घ्यायचा. कारखान्यात पाळीवर देखरेख करणाऱ्या मास्तरकडे जाऊन म्हणाला, मला लूमवरून काढा, कुणी धोक्याचं ओरडलं तर मला कळायचं नाही, एखाद्याचा हात जाईल. मास्तरने त्याला सुताच्या बॉबिन वाहायला लावलं. वीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर गुडघे धरून तो खोकी उचलायचा. सोल्डरिंग आयर्न त्याने दत्तूला देऊन टाकलं. नवा ॲम्प्लिफायर उघडून भाग सुटे केले. तेव्हा दत्तूनेच एका दुरुस्तीवाल्याला विचारलं होतं. ब्लूटूथच्या कार्डाला वेगळा वीजपुरवठा दिला असता तर शिटी गेली असती म्हणे, अर्ध्या तासाचं काम होतं. दिवाळीनंतर धनसुखभाईंच्या बेंचवर दुसरा माणूस बसला.

मी हे सगळं बघत होतो. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज काहीतरी निमित्त सापडायचं. राग मात्र वाढला होता, घरी ताटावरून उठायचो, पुष्पाबाईवर खेकसायचो. तिला वाटलं कारखान्याची काळजी.

मग एक दिवस छायावहिनी माझ्या दारात आली. आत आली नाही. पदर हातात धरून उभी राहिली आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघून बोलली.

"भाऊ, ते म्हणतात तुम्ही त्यांना सांगितलं होतं. मी तिथेच बसले होते."

तिने पुढचंही सांगितलं. भाऊ असं काही बोलले नव्हते, असं ती सुपडूला म्हणाली होती. तर तो म्हणाला, गाणं चालू होतं, तुला ऐकू आलं नसेल, आणि वाल्मिक खोटं कशाला बोलेल? त्यापुढे तिने वाद घातला नाही. आता ते गावी परत जायचं म्हणतात, तिने सांगितलं. रस्ता ओलांडायला भितात. एवढं बोलून ती गेली. मी शिव्या खायला तयार होतो, तर तिने आवाजसुद्धा चढवला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गेलो. सुपडू भिंतीला टेकून बसला होता, समोर मोबाइल, आवाज बंद, नुसती चित्रं बघत होता. छायावहिनी पडद्याआड चुलीपाशी होती. मी त्याच्यासमोर बसलो, मोबाइल बाजूला ठेवला, आणि म्हणालो, सुपडू, मी तुला शिटीचं काही सांगितलं नव्हतं. धनसुखभाईंच्या घरी खोटं बोललो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. तेव्हा त्याने विचारलं, मग गाणं चालू असताना काय बोलला होतास? मी म्हटलं, बास जरा कमी कर म्हटलं होतं.

"बास कमी कर," तो म्हणाला. "मी तेच ऐकलं होतं."

आणि तो हसायला लागला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचे दात बघितले. मी थप्पड खायला गाल पुढे करून बसलेला, आणि हा माणूस मांडीवर हात आपटून म्हणतोय, बरोबर ऐकलं होतं मी, शब्दन् शब्द बरोबर ऐकला होता. बेंच गेला, लूम गेली, त्याचं त्या क्षणी त्याला काही नव्हतं. माणसाचं बोलणं आपल्याला अजून येतं, एवढ्यावर तो खूश झाला होता. तो मला एक शब्द उणा बोलला असता तर मला श्वास घेता आला असता.

मग हसता हसता त्याने विचारलं, पण तू शिटीचं तेव्हाच का नाही सांगितलंस? एवढी ऐकू आली होती सगळ्यांना.

आणि बघा माझी जात. गुडघ्याला गुडघा लावून कबुली द्यायला आलो होतो, तरी तोंडातून निघालं, लक्ष नव्हतं रे माझं. त्याने तेही खरं मानलं. म्हणाला, होतं असं कधी.

त्याला आता खात्री करून घ्यायची घाई झाली होती. लहान पोराला नवं खेळणं मिळावं तसा तो पडद्याकडे तोंड करून म्हणाला, छाया, आतून काहीतरी बोल. हळू बोल. मला येतं का बघतो. आणि मान तिरकी करून थांबला. मीही थांबलो. पडदा हलला नाही. चुलीवर काहीतरी शिजत होतं, त्याची वाफ पडद्यावरून वर जाताना दिसत होती.

सुपडूचं हसू हळूहळू उतरलं. तो माझ्याकडे वळला.

"ऐकलंस, काय म्हणाली ती?"

ती बोलली होती, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. नेहमीप्रमाणे तिथूनच पुढचंही काहीतरी ओळखून सांगता आलं असतं. चहा घ्या म्हणाली, साखर संपली म्हणाली, चार गोष्टींतली एक तरी लागली असती. पण माझ्याने झालं नाही. मी म्हणालो, नाही.

"पुन्हा बोलायला सांगू तिला?"

"नको. मला नाही ऐकू येत, सुपडू. चार वर्षं झाली."



"तेच म्हणाली ती," तो म्हणाला.